पळणाऱ्याच्या पुढची हलगी

थंडी पडली की भिंगारच्या रस्त्यावर पहाटे पोरं पळायला लागतात. भरतीचा मोसम. ज्वारी हुरड्यात यायच्या सुमाराला ही पोरंही हुरड्यात येतात. तांबडं फुटायच्या आधी कान बांधून, हातावर फुंकर घालत निघतात आणि उजाडेपर्यंत घामाघूम होऊन चहाच्या टपरीवर टेकतात. मी पलटणीतून निवृत्त झालेला माणूस. पहाटे उठायची खोड काही मोडली नाही. अंगावर शाल घेऊन फाटकापाशी उभा राहतो आणि फुकटात कवायत बघतो.

यंदा त्या पोरांत आमची नात आहे. ऋतुजा. तिला पोलिसात जायचंय. उंची आहे, धमक आहे, बोलणं तर फौजदाराचं आत्ताच आहे. पळण्यात मात्र मार खाते. गेल्या खेपेला थोडक्यात हुकली, आणि ही खेप हुकली तर पुढं वयात बसणार नाही. म्हणून घरात सगळ्यांचे श्वास अडकलेत. तिचा सोडून. तिचा श्वास पळताना अडकतो.

परवा संध्याकाळी ती कानात ती दोन पांढरी बोंडं घालून मोबाईलवर बोट फिरवत बसली होती. अर्धा तास झाला, तास झाला.

"काय चाललंय गं?"

"पळताना ऐकायची गाणी काढतेय, आजोबा. सुरुवातीला जरा संथ, मग वाढत जाणारं, शेवटी एकदम धडाकेबाज."

"आणि पळणार किती?"

"गाणी निवडून झाली की बघू."

आमच्या मंडळी आतून म्हणाल्या, "लग्नाचा बस्ता एवढ्यात बांधून झाला असता." मी मात्र हसलो नाही. पळणाऱ्याला गाणं निवडायला किती त्रास पडतो, ते मला ठाऊक आहे. ऋतुजाला वाटतं, गाणं ऐकत पळणं तिच्या पिढीनं शोधलं. तिला कुठं सांगू, की तिचा आजोबा बहात्तरच्या दुष्काळात संगीतावर पळाला आणि ते संगीत सायकलवर बसलेलं होतं!

आमचं गाव सुप्याच्या आत. आता त्या बाजूला कारखाने उभे राहिलेत, रात्रभर दिव्यांचा लखलखाट असतो. तेव्हा नुसत्या बाभळी, आणि त्या वर्षी बाभळींनाही आपण बाभळी असल्याचा पस्तावा झाला असावा. पाऊस आलाच नव्हता. विहिरींत तळाचे दगड दिसत होते. थंडी तेवढी इमानदारीनं पडली होती, कारण तिला पाणी लागत नाही.

वडिलांनी दिवाळीतच निवाडा केला होता. "भिंगारच्या भरतीत लागलास तर लाग. न्हाईतर संक्रांत झाली की घराला कुलूप लावायचं आन् समद्यांनी कोपरगावकडं ऊस तोडायला जायचं."  आईनं फक्त उंबऱ्यावरून हात फिरवला. त्या घराला तिनं कधी कुलूप लावलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्याकडं कुलूपच नव्हतं. पण तो हात मी पाहिला, आणि हे घर उघडं राहायचं तर मला पळता आलं पाहिजे, एवढं मला कळलं.

आणि मला पळता येत नव्हतं. म्हणजे पाय होते, दम होता, पण सुटायचो ते दावं तुटलेल्या खोंडासारखा, आणि अर्ध्या वाटेत बसायचो. आदल्या भरतीत तसाच बसलो होतो. तिथल्या हवालदारानं दंडाला धरून उठवलं आणि म्हणाला, "बेटा, आराम करना है तो घर जाओ।" मी घरी गेलो.

माझा चुलतभाऊ दिगू याचं म्हणणं असं की मला ताल नाही. दिगू स्वतः कधी पळत नसे. त्याच्याकडं सायकल होती. ज्याच्याकडं सायकल आहे त्याला पळणाऱ्याच्या चुका स्वच्छ दिसतात. तो म्हणाला, "मोटंवर गानी म्हनतात, जात्यावर म्हनतात. मंग पळताना का न्हाई? तुला गानं पायजे."

मला पटलं. आता प्रश्न आला, कुठलं गाणं?

पहिला प्रयोग दिगूच्या ट्रान्झिस्टरचा. तो त्याला सासरकडून मिळालेला. चामडी पिशवीसकट सायकलच्या दांडीला बांधला आणि पहाटे निघालो. पण रेडिओ आपल्याला विचारून थोडाच गातो! आधी भक्तिगीत लागलं. ते इतकं सावकाश की माझे पाय आपोआप जोडले जायला लागले. मग शेतकऱ्यांसाठी सल्ला लागला. भातावरच्या तुडतुड्यांचा बंदोबस्त कसा करावा ते एक गृहस्थ फार जिव्हाळ्यानं सांगत होते. आमच्याकडं भात नव्हता, आणि त्या वर्षी तुडतुडेसुद्धा नव्हते. तरी मी सगळे उपाय ऐकत ओढ्यापर्यंत पळालो. शेवटी शास्त्रीय गायन. गवईबुवांनी आलाप घेतला तो संपेचना. ते पुढं सरकेनात, म्हणून मीही सरकेना. दिगू सायकलवरून उतरून म्हणाला, "ह्यांचं व्हईस्तोवर आपन न्ह्यारी करू."

पळायला खरा चांगला ताल असतो विहिरीवरच्या इंजिनाचा. पुक पुक पुक पुक. ना कमी, ना जास्त. रात्रंदिवस एकच चाल. लहानपणापासून तो कानात होता. पण त्या साली इंजिनं मुकी होती. विहिरीत उपसायलाच काही नव्हतं. दुष्काळात पाणी जातं, चारा जातो, हे सगळे लिहितात. आवाजही जातात. मोट नाही, इंजिन नाही, पाखरं नाहीत. गाव असं गप्प झालं होतं की लांब दुष्काळी कामावर बायका खडी फोडत असल्या तरी घणाचा आवाज घरात यायचा. त्या शांततेत पळणं म्हणजे नुसता आपलाच धापा टाकण्याचा आवाज ऐकत राहणं, आणि तो काही ऐकण्यासारखा नव्हता.

मग दिगूला लहानूतात्या आठवले.

लहानूतात्या म्हणजे पंचक्रोशीत हलगीला नाव. जत्रेतल्या कुस्त्यांना त्यांची हलगी लागली की कडेला बसलेले म्हातारेसुद्धा मांडी थोपटायचे. गावात दवंडी द्यायची तरी तेच. पण त्या वर्षी जत्रा रद्द, फड रद्द, लग्नं पुढं ढकललेली. तात्या अंगणात हात चोळत बसलेले असायचे. आम्ही विषय काढला तर आधी त्यांनी डोळे वटारले.

"मी मल्लांसाठी वाजवतो. पळनाऱ्यासाठी वाजवायला मी काय शिकारीतला हाकारी हाय?"

"तात्या, तुमी न्हाई वाजवलं तर किसना ऊस तोडायला जानार," दिगू माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला.

तात्यांनी आपली बोटं उघडमीट करून पाहिली. मग हळूच म्हणाले, "हात गंजायला लागलेत रं. चल. पर माझा हात पडंल तसं पळायचं. तू पुढं आन् हलगी मागं, असं चालायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे मारुतीच्या पारापाशी वाळक्या बाभळीच्या काटक्या पेटवल्या. हलगीचं कातडं थंडीत सैल पडतं. शेकल्याशिवाय ते बोलत नाही. तात्यांनी ती आगीवर फिरवली, टिचकी मारून कानाला लावली, पुन्हा शेकली. मी तिकडं लंगोटावर कुडकुडत उभा. शेवटी वाद्य तापलं आणि गायक गारठला. मग तात्या दिगूच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले, तेही उलटे, माझ्याकडं तोंड करून. हलगी छातीशी, एका हातात जाड काडी, एका हातात बारीक. दिगूनं पायडल मारलं आणि हलगी कडाडली.

काय सांगू! रेडिओ बिडिओ सगळं झूट. ती हलगी पायांना विचारत नव्हती, हुकूम करत होती. पाऊल टाकायच्या आधीच त्याची जागा ठरलेली. समोर तात्यांचा चेहरा, मिशा थरथरताहेत, डोळे माझ्या गुडघ्यांवर. मी हळू पडलो की ते दात खाऊन काडी ओढायचे. खड्डा आला की दिगूसकट ताल चुकायचा, मग तात्या मला सोडून दिगूला शिव्या द्यायचे. गावाला वळसा घालून आम्ही शाळेपाशी आलो आणि मला मागून आणखी एक आवाज ऐकू यायला लागला. खळखळ, ठणठण. वळून पाहिलं.

अख्खं गाव पळत येत होतं. हंडे, कळशा, घागरी, एकाच्या हातात तर दुधाची किटली. सगळ्यांच्या पुढं हौसाकाकू, म्हणजे दिगूची आई, कासोटा खोचलेला आणि डोक्यावर तांब्याचा हंडा.

गोष्ट अशी होती, की त्या हिवाळ्यात गावात हलगी एकाच कारणासाठी वाजायची. पाण्याचा टँकर आला की लहानूतात्या दवंडी देत. आणि आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या हे डोक्यात आलं नव्हतं.

मला थांबून खुलासा करायला हवा होता. पण मागून एवढे हंडे येताना पाहिल्यावर खुलासा सुचत नाही. मी पळालो. आयुष्यात इतका जोरात मी त्याआधी पळालो नव्हतो. मी पळतोय म्हणून दिगूनं पायडल मारलं, दिगू जोरात म्हणून तात्यांचा हात चढला, आणि हलगी चढली म्हणून गाव आणखी जोरात आलं. शेवटी पुन्हा पारापाशी आलो तेव्हा सायकलची साखळी उतरली म्हणून संगीत थांबलं.

"पानी कुठाय?" हौसाकाकूंनी विचारलं.

"न्हाई काकू. मी पळायची तयारी करत हुतो."

काकूंनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या लेकाकडं, आणि मग डोक्यावरचा हंडा उतरवून अशा बेतानं हातात घेतला की दिगू सायकल टाकून पाराच्या मागं गेला. पण सगळ्यांत जास्त चिडले होते ते लहानूतात्या.

"मी दवंडीचा हात वाजवलाच न्हाई! कुस्तीचा हात हुता त्यो! गावाला कानच न्हाईत!"

"तात्या," काकू म्हणाल्या, "तहानलेल्याला कसला हात कळतुया? हलगी वाजली की आमाला पानीच दिसतं."

तात्यांनी काड्या कमरेला खोचल्या. मलाही वाईट वाटलं. थंडीत अंथरुणातून उठून आलेल्या त्या बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या आणि माझ्या अंगावरून मात्र घामाच्या धारा चालल्या होत्या.

यावर तोडगा काढला तोही काकूंनीच. आमच्या गावाला टँकर यायचा तो पुणे-नगर रस्त्यावरच्या फाट्यावरून. त्याची वेळ ठरलेली नसे. फाट्यावर आमचं माणूस नसलं की शेजारच्या वाडीवाले ड्रायव्हरला चहा पाजून टँकर आपल्या विहिरीत रिकामा करून घ्यायचे. दोनदा तसं झालं होतं. काकू म्हणाल्या, "उगा गावाभवती काय गरगर फिरतूस? पळायचंच हाय तर फाट्यावर पळ. टँकर दिसला की त्याच्या पुढं पळत त्याला घरी आन. तात्या, येताना टँकर असला तर दवंडीचा हात वाजवा, नसला तर कुस्तीचा. आमी अंथरुनातनंच ऐकतो."

असा आमच्या गावात संगीताचा प्रसार झाला. आठवडाभरात लहान पोरंसुद्धा हात ओळखायला लागली. पहाटे फाट्याच्या बाजूनं हलगी आली की घराघरांत माणसं श्वास रोखून पडायची. कुस्तीचा हात असला की कूस बदलायची. दवंडीचा असला की हंड्यांची झुंबड. म्हातारे तर वाद घालायचे, आज बारीक काडी जरा मागं पडत हुती म्हणून. तात्या खूश. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच सबंध गाव श्रोता मिळाला होता आणि तोही पडून ऐकणारा.

माझं म्हणाल तर मी दोन तऱ्हांनी पळायचो. रिकामा परतताना कुस्तीचा हात कितीही जोरकस असला तरी पाय उचलायचे नाहीत. आपली हलगी ऐकून बायका कूस बदलणार, हे माहीत असायचं. पण टँकर असला की मागं त्याचं लोखंडी झाकण खडखडायचं, खाड खाड, खाड खाड, समोर हलगी, आणि मधे मी. त्या दोन आवाजांच्या कात्रीत सापडल्यावर दम लागायला वेळच मिळत नसे. ड्रायव्हर मुद्दाम हॉर्न मारायचा. मला वाटायचं, मी थांबलो तर पाणी थांबेल. खरंच वाटायचं तसं. तितका आनंद मला पुढं पळून कधी मिळाला नाही, बिल्ले मिळाले तरी.

भरतीचा दिवस आला. दिगूनं मला भिंगारला सायकलवर डबलसीट आणलं. हलगीसकट लहानूतात्यांना यायचं होतं, पण कॅरिअर एकच. "मनात वाजव," तात्या म्हणाले. मी मैदानावर उभा राहिलो. शे-दीडशे पोरं, सगळ्यांची पोटं माझ्यासारखीच आत गेलेली. शिट्टी झाली आणि मी मनात हलगी वाजवायला लागलो. पण मनातली हलगी फार वेळ तापलेली राहत नाही. थोड्याच वेळात ती सैल पडली आणि तिच्या जागी तो गवईबुवांचा आलाप सुरू झाला! मला डोळ्यांपुढं कोपरगावचा उसाचा फड दिसायला लागला, कुलूप घातलेलं दार दिसायला लागलं. पाय जड झाले. आदल्या वर्षीचा तोच हवालदार कडेला उभा होता आणि मला वाटतं, त्यानं मला ओळखलं होतं.

तेवढ्यात मैदानाबाहेरच्या रस्त्यावर, माझ्या पाठीमागं, झाकण खडखडलं. खाड खाड, खाड खाड. वर हॉर्न.

कुठला कोण टँकर, कुठल्या गावाला चाललेला, देव जाणे. माझ्या पायांनी चौकशी केली नाही. मागं टँकर आहे म्हणजे पुढं गाव आहे, गावात हंडे आहेत, एवढंच त्यांना माहीत. मी सुटलो. किती जणांना मागं टाकलं ते नंतर दिगूनं सांगितलं. त्यानं सांगितलेला आकडा दर वर्षी वाढत गेला, म्हणून तो इथं देत नाही. शेवटच्या झेंड्याशी सगळे थांबले. मी थांबलो नाही. झेंडा गेला, मेज गेलं, मेजामागचे साहेब उठून उभे राहिले, आणि मी फाटकातून बाहेर रस्त्याला लागलो.

"अरे रुक! रुक जा! कहाँ भाग रहा है?" हवालदार मागून धावत आला.

"थांबता येत न्हाई साहेब," मी धापा टाकत ओरडलो, "मागं टँकर हाय!"

त्यानं मला मानगुटीला धरून परत आणलं. पण धरायला त्याला बरंच पळावं लागलं, आणि तेच माझ्या कामी आलं. साहेब हसले आणि माझ्या छातीवर शाईचा शिक्का बसला.

दिवस मावळायच्या आत आम्ही फाट्यावर पोचलो. लहानूतात्या काटक्यांवर हलगी शेकत बसलेले. मी सदरा वर करून शिक्का दाखवला. त्यांनी त्यावर बोट फिरवून पाहिलं आणि ते तडक कॅरिअरवर बसले. दिगू म्हणाला, "तात्या, वाजवा." आणि ते वाजवायला लागले. आनंदाच्या भरात कुठला हात पडतोय हे त्यांना कळलं नाही, आणि मला तर त्या दिवशी काहीच कळत नव्हतं. गावात शिरलो तर सगळे हंडे बाहेर.

ते दवंडीचं वाजवत होते.

टँकर नाही हे दिसल्यावर सगळे थांबले. मी मधे उभा. हौसाकाकूंनी फाट्याच्या वाटेवर लांबवर नजर टाकली आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"काकू, टँकर न्हाई," मी म्हणालो. "मी लागलो."

काकू रिकाम्या हंड्यात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग आता टँकर आनायला कोन पळनार?"

हे ऐकून सगळ्यांना हसू आलं, मलाही आलं. काकूंनी हंडा खाली ठेवला, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. कुलूप घ्यायचं वाचलं." मग काकू वळल्या, दिगूला बखोटीला धरून पुढं ओढला आणि म्हणाल्या, "उद्यापासनं ह्यो पळंल." सायकलवाल्या दिगूचा तो चेहरा मी पलटणीत असताना कित्येकदा आठवलाय. वाईट दिवसांत फार उपयोगी पडला.

हे सगळं मी परवा ऋतुजाला सांगितलं. तिनं कानातली बोंडं काढून ऐकलं. शेवटी म्हणाली, "आजोबा, तुम्हाला येतो का तो हात?"

"लहानूतात्यांचा निम्मासुद्धा येत नाही."

"निम्म्यानं भागेल."

आज पहाटे मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, स्कूटर काढली. मी मागच्या सीटवर उलटा बसलो, मांडीवर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, हातात दोन काड्या. मंडळी दारातून म्हणाल्या, "या वयात पडलात तर मी डबा घेऊन हॉस्पिटलात येणार नाही." स्कूटर निघाली. ऋतुजा समोर, तिच्या गुडघ्यांवर माझे डोळे. आधी हात अडखळला, मग कुठून कोण जाणे, पन्नास वर्षांखालून तो दवंडीचा हात वर आला. पोरीचं पाऊल बरोबर काडीवर पडायला लागलं. माझ्या मिशा थरथरत होत्या की नाही ते ठाऊक नाही, पण दात मी नक्कीच खाल्ले.

आमच्या कॉलनीत पाइप फुटल्यामुळं चार दिवस नळाला पाणी नाही. टँकर आला की त्याच्याबरोबरचं पोरगं डबा बडवत गल्लीतून फिरतं, त्याचा मला विसर पडला होता. दुसऱ्या गल्लीत शिरलो तोच वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. एका बाईंनी डोकं बाहेर काढलं.

"काका, टँकर आला का? कुठल्या चौकात थांबलाय?"

मग फाटकं वाजायला लागली. प्लास्टिकच्या बादल्या, कॅन, एकाच्या हातात तर पिंप. माणसं स्वेटर घालून, डोळे चोळत आमच्या मागं यायला लागली. ऋतुजानं एकदा वळून पाहिलं आणि जी सुटली, तशी ती या मोसमात पळाली नव्हती.

मी खदखदून हसत होतो. आणि हसता हसता माझा हात आपोआप बदलला. दवंडीचा सोडून कुस्तीचा वाजायला लागला, म्हणजे पाणी नाही, परत जा, झोपा. मी जोर लावून तोच तोच वाजवत राहिलो. पण तो हात ओळखणारं आता तिथं कुणी नव्हतं. बादल्या मागून येतच राहिल्या.